एकाच रुळावर दोन इंजिने

छोट्या प्रतिकृतींच्या आगगाडीतले इंजिन वीज घेते ती रुळांमधून. एक रूळ धन, दुसरा ऋण. विभवांतर वाढवले की वेग वाढतो, टोकांची अदलाबदल केली की गाडी उलटी धावते. व्यवस्था सुटसुटीत खरी, पण त्याच रुळांवर दुसरे इंजिन ठेवले की ती लंगडी पडते. दोन्ही इंजिने एकदम धावतात आणि एकदम थांबतात. मग एकाला फलाटाशी उभे करून दुसऱ्याला शंटिंगला पाठवायचे कसे?

१९८० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील लेंझ कंपनीने यावर एक तोडगा काढला. पुढे अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्यालाच प्रमाण पद्धतीचे रूप दिले. यात रुळांमध्ये कायम पूर्ण विभवांतर असते, मात्र त्याची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. या पालटण्यातच निरोप दडलेला असतो. दिशा ५८ मायक्रोसेकंदांनी पालटली तर तो '१', सुमारे १०० मायक्रोसेकंदांनी पालटली तर '०'. म्हणजे रूळ एकाच वेळी विजेची तारही होतात आणि टपालाचा रस्ताही!

प्रत्येक निरोपात आधी इंजिनाचा पत्ता असतो, मग आज्ञा आणि शेवटी पडताळणीचा अंक. समजा, पत्ता ००००००११ (म्हणजे ३) आणि आज्ञा ०११००१०० आहे. दोन्ही एकाखाली एक लिहा. जिथे अंक सारखे तिथे ०, वेगळे तिथे १ मांडा. ०११००१११ मिळते, तोच पडताळणीचा अंक. चाकावरच्या धुळीमुळे मधला एखादा अंक हरवला तर हिशेब जुळत नाही आणि इंजिन तो निरोप सोडून देते. बिघडत काहीच नाही, कारण तोच निरोप पुनःपुन्हा येतच असतो.

निरोप वाचण्याचे काम इंजिनात बसवलेला डीकोडर करतो. जुन्या इंजिनात तो बसवताना खरी कसोटी लागते. अशा कित्येक इंजिनांत मोटरचा एक ब्रश सरळ धातूच्या सांगाड्याला आणि सांगाडा एका रुळाला जोडलेला असतो. हा संबंध तसाच राहिला तर रुळांतली वीज डीकोडरच्या मोटरकडील टोकांत उलटी शिरते आणि महागडा डीकोडर क्षणार्धात जळतो. म्हणून मोटर आधी सर्व बाजूंनी वेगळी करावी, मग मल्टिमीटरने प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक रूळ यांमधला रोध मोजावा. काटा जरासुद्धा हलता कामा नये. त्यानंतरच तारा जोडायच्या: रुळांकडून लाल व काळी, मोटरकडे नारिंगी व करडी. आमच्या मते या कामात डाखण लावण्याच्या कौशल्यापेक्षा ही पाच मिनिटांची तपासणी अधिक मोलाची आहे.

डीकोडर मोटरला वीज सलग देत नाही, तुकड्यातुकड्यांनी देतो. तुकडे रुंद, तर वेग जास्त. मधल्या एखाद्या क्षणी वीज बंद असते, पण मोटर फिरतच असते, म्हणजे ती जनित्र बनलेली असते. तिने निर्माण केलेले विभवांतर मोजून डीकोडरला खरा वेग कळतो. चढावर वेग घटला की तो तुकडे रुंद करतो.

आवाजही याच वेगाशी बांधता येतो. दोन सिलिंडरच्या वाफेच्या इंजिनात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वाफ काम करते, त्यामुळे चाकाच्या एका फेऱ्यात चार फुत्कार ऐकू येतात. खऱ्या इंजिनाचे ध्वनिमुद्रण डीकोडरच्या स्मृतीत साठवलेले असते. चाकाच्या गतीनुसार तो फुत्कार सोडतो.

अडचण येते ती ध्वनिवर्धकाची. दोन-तीन सेंटिमीटरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते, मागची विरळ होते. या दोन लहरी कडेवरून वळून एकमेकींना मारतात. ३०० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी मीटरभराहून अधिक, तिच्यापुढे ती कड ती काय! म्हणून मागची बाजू हवाबंद डबीत कोंडावी लागते. वर्गात हे सहज दाखवता येईल. जुन्या ट्रान्झिस्टरचा ध्वनिवर्धक सुटा करून वाजवा, मग भोक पाडलेल्या मोठ्या पुठ्ठ्यावर तो घट्ट दाबून धरा. आवाज लगेच भरदार होईल.