आकडा यंत्राने वाढवावा, पण कशाच्या आधारावर?

मागच्या आठवड्यात आपण ‘गिट’मध्ये बदलांची नोंद कशी राहते ते पाहिलं. त्याच नोंदींमधून आवृत्तीचा आकडा आपोआप कसा निघतो, ते आज पाहू. आधी तो आकडा बरोबर असणं का गरजेचं, ते एका उदाहरणातून.

१९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी जव्हार-मोखाड्याकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. तिथल्या पाड्यांवर मुलांच्या वजन-उंचीची नोंद फार मोलाची आहे. २०२१पासून अंगणवाड्यांची ही नोंद ‘पोषण ट्रॅकर’ अ‍ॅपवर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. कमी मेमरीच्या त्या फोनवर अ‍ॅप धड चालत नाही, ही त्यांची एक तक्रार होती. ती रास्तच होती.

अशा भागात रेंज मिळेल तेव्हा अपडेट होतं, त्यामुळे शेजारच्या दोन पाड्यांवरही एकाच अ‍ॅपच्या वेगळ्या आवृत्त्या असू शकतात. सेविका फोनवर “माझं २.४.१ आहे” एवढंच सांगू शकते. तो आकडा चुकीचा असेल तर पलीकडचा माणूस भलताच दोष शोधत बसतो.

आणि हाताने वाढवलेला आकडा चुकतोच. तो पॅकेजच्या फाइलमध्ये असतो, अ‍ॅपच्या माहितीपानावर असतो, बदलांच्या यादीतही असतो. एक जागा हमखास राहून जाते. अँड्रॉइडमध्ये तर दोन आकडे असतात. ‘२.४.१’ हा माणसांसाठी. फोन पाहतो तो ‘व्हर्जन कोड’ नावाचा पूर्णांक. प्ले स्टोअर जुना कोड पुन्हा स्वीकारत नाही. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलचा कोड तोच असला, तर फोन ती जुन्यावर मुकाट्याने बसवतो. मग एकाच आकड्याची दोन अ‍ॅपं फिरू लागतात.

म्हणून आकडा एकाच जागेवरून, गिटच्या टॅगवरून (नोंदीला लावलेल्या नावाच्या खुणेवरून), काढायचा. ‘सिमँटिक व्हर्जनिंग’चा संकेत असा: दुरुस्तीला उजवा आकडा, नव्या सोयीला मधला, जुनं मोडणाऱ्या बदलाला डावा. (२.९ नंतर २.१० येतं, हा दशांश नव्हे.) प्रोग्रॅमर नोंदीच्या सुरुवातीला ‘फिक्स’ (दुरुस्ती) किंवा ‘फीट’ (नवी सोय) लिहितो, मोडतोड असेल तर तसं बजावतो. ‘सिमँटिक-रिलीज’सारखं साधन त्या नोंदी वाचून आकडा ठरवतं, टॅग लावतं, बदलांची यादी लिहितं आणि पॅकेज प्रसिद्ध करतं.

मात्र नोंद खरी आहे का, हे त्याला कळत नाही. समजा, कोणी किमान अँड्रॉइडची अट वाढवली आणि नोंदीत ‘फिक्स’ लिहिलं. उजवा आकडा वाढेल आणि जुन्या फोनना ते अपडेट दिसणारही नाही. माझ्या मते इथे साधनावर विसंबू नये. किमान अँड्रॉइडची ओळ बदलली आणि नोंदीत मोडतोडीचा इशारा नसला, तर प्रकाशन तिथेच अडवणारी तपासणी लिहावी. ती दहाबारा ओळींत होते.

ती तपासणी नेमकी कुठे बसवायची, ते पुढच्या लेखात.