सुरक्षा प्रशिक्षण कोणाला आणि कशाचे?



हंगाम जवळ आला की कामगारांच्या सुरक्षा प्रशिक्षणाचा विषय निघतो. दोन दिवसांचे शिबिर, पाहुण्यांचे भाषण, चहापाणी, फोटो. हा खर्च शेवटी आपल्या उसाच्या पैशातूनच होतो, म्हणून कोणते प्रशिक्षण घ्यायचे हे सभासदांनीही समजून घेतलेले बरे.

मुंबईचे उदाहरण पाहा. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गिरणी गेल्यावर कचेऱ्या आणि हॉटेले आली. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या गच्चीवरच्या हॉटेलांत आग लागली आणि 14 माणसे गेली. वाट न सापडल्याने अनेकजण स्वच्छतागृहात शिरले आणि धुराने गुदमरले. बांधकामातले दोष प्रशिक्षणाने झाकले जात नाहीत, हे खरंच. पण अशा वेळी गिऱ्हाइकाला जिना दाखवणार कोण? तिथं उभा असलेला वेटर! जिना कुठे, वीज कुठून बंद करायची, माणसं कोणत्या बाजूने न्यायची, एवढंच त्याला शिकवायचं. ते व्याख्यानाने येत नाही, पायाने चालून पाहावे लागते.

त्याच परळ-लालबागच्या गिरण्यांत पूर्वी वेगळा धोका होता, कापसाच्या धुळीचा. कार्डिंग खात्यातल्या कामगाराची छाती सुट्टीनंतर सोमवारी भरून यायची. त्याला आगीची कवायत शंभरदा शिकवून काय उपयोग? तिथे आधी धूळ ओढून घेणारी यंत्रणा हवी.

आपल्याकडेही तसंच आहे. बगॅसच्या ढिगाला आगीची भीती, शिवाय त्याची बुरशी धरलेली धूळ फुप्फुसाला वाईट. ऊसतळावर ट्रॅक्टर मागे घेताना माणूस सापडतो. मळीच्या रिकाम्या टाकीत तर वायू दिसतही नाही. एकजण पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो.

दादरच्या पुढे शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे. औद्योगिक सुरक्षेची वर्षभराची पदविका तिथे मिळते. कारखान्यातला एखादा अधिकारी तिथे जरूर पाठवावा. पण गव्हाणीवरचा हंगामी पोरगा काही शीवला जाणार नाही. त्याचं शिक्षण गव्हाणीपाशीच व्हायला हवं, मराठीत आणि ज्या पाळीत तो असेल त्या पाळीत.

मोळी पडण्याआधी मळीच्या टाकीजवळ प्रत्यक्ष कवायत घ्यावी. दोर, हवा तपासायचे यंत्र आणि वर थांबणारा माणूस, सगळं हजर ठेवून. कंत्राटदाराची माणसे त्यातून वगळू नयेत. टाकी साफ करायला बहुधा तीच उतरतात.