संगणक जागा होताना

शाळेतील जुन्या संगणकाचे बटण दाबले की तो कामाला लागेपर्यंत तासाची चार-पाच मिनिटे निघून जातात, अशी तक्रार शिक्षकांकडून आम्ही नेहमी ऐकतो. संगणक लिनक्सवर चालणारा असेल, तर यातील काही वेळ वाचवता येतो. कसा, ते पाहू.

बटण दाबल्यावर लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्मृतीत येतो आणि एक प्रोग्रॅम सुरू करतो. त्याचा क्रमांक १. छपाई, नेटवर्क, ब्लूटूथ अशी पडद्यामागची कामे पुढे हा प्रोग्रॅम सुरू करतो. या कामांना सेवा म्हणतात. पूर्वी त्या बहुधा एकामागून एक सुरू होत. २०१० साली आलेली ‘सिस्टमडी’ ही प्रणाली मात्र परस्परांवर अवलंबून नसलेल्या सेवा एकाच वेळी सुरू करते. डेबियनने ती २०१५ साली आठव्या आवृत्तीत स्वीकारली.

कोणती सेवा किती वेळ घेते, हे ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ ही आज्ञा सांगते. या वेळांची बेरीज मात्र करू नये, कारण अनेक सेवा एकदमच सुरू होत असतात. कोण कोणासाठी खोळंबले, हे ‘क्रिटिकल-चेन’ दाखवते.

आता सेवा बंद कशी करावी? ‘सिस्टमसीटीएल’ या आज्ञेला ‘स्टॉप’ शब्द जोडला तर सेवा तेवढ्यापुरती थांबते. उद्या पुन्हा सुरू होते. ‘डिसेबल’ म्हटले तर सुरुवातीच्या यादीतून तिचे नाव निघते. तरीही दुसऱ्या सेवेने बोलावल्यास ती येऊ शकते. छपाईची सेवा अशीच मागणी आल्यावर जागी होते. ‘मास्क’ केले की तोही मार्ग बंद होतो.

फायदा केवळ वेळेचा नाही. बाहेरून येणाऱ्या जोडणीची वाट पाहणारी प्रत्येक सेवा म्हणजे एक उघडे दार. नको असलेले दार बंदच बरे.

पण घाई नको. आम्ही एकदा उत्साहात पाच-सहा सेवा एकदम बंद केल्या. दुसऱ्या दिवशी नेटवर्क नाही! कोणती सेवा बंद केली, हे लिहून ठेवले नव्हते. शोधण्यात अर्धा दिवस गेला. म्हणून एका वेळी एकच सेवा बंद करावी, वहीत नोंद करावी, संगणक पुन्हा सुरू करून पाहावे. प्रयोगात एका वेळी एकच घटक बदलावा, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवतोच. तो नियम येथेही लागू आहे.