अनुस्फुरक प्रतिपिंडे व प्रवाह कोशिकामापन

द्रवात विखुरलेल्या कोशिका (पेशी) बारीक प्रवाहातून एकामागून एक प्रकाशशलाकेसमोरून नेऊन प्रत्येक कोशिकेपासून मिळणाऱ्या प्रकाशाचे मापन करण्याच्या पद्धतीस ‘प्रवाह कोशिकामापन’ म्हणतात. अनुस्फुरक (एका तरंगलांबीचा प्रकाश शोषून अधिक तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकणारे) रंजकद्रव्य जोडलेली प्रतिपिंडे वापरून या पद्धतीने रोगप्रतिकारक कोशिकांच्या पृष्ठावरील ग्राही (विशिष्ट रेणू ओळखून त्यांच्याशी जोडली जाणारी प्रथिने) कसे ओळखतात, याचे वर्णन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

रक्तातील लसीका कोशिका साध्या सूक्ष्मदर्शकातून जवळजवळ सारख्याच दिसतात. प्रत्यक्षात त्यांपैकी बी कोशिकांपासून प्रतिपिंडे तयार करणाऱ्या कोशिका निर्माण होतात, तर टी कोशिकांपैकी काही इतर कोशिकांना साहाय्य करतात व काही संक्रामित कोशिकांचा नाश करतात. हे कार्यभेद आकारावरून कळत नाहीत; ते पृष्ठावरील प्रथिनांवरून ओळखावे लागतात.

इतिहास : प्रतिपिंडास अनुस्फुरक द्रव्य जोडले, तरी त्याची विशिष्ट प्रतिजनाशी (प्रतिपिंड ज्याच्याशी जोडले जाते त्या पदार्थाशी) संयोग पावण्याची क्षमता टिकून राहते, हे आल्बर्ट कून्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०–५० या दशकाच्या आरंभी दाखविले. १९६५ मध्ये मॅक फुलवायलर यांनी लॉस अ‍ॅलॅमॉस येथे विद्युत् भारित थेंबांच्या साहाय्याने कोशिका वेगळ्या करणारे उपकरण बनविले. लेनर्ड हर्झेनबर्ग यांच्या स्टॅनफर्ड येथील गटाने १९६९ मध्ये अनुस्फुरणावरून कोशिका वेगळ्या करून दाखविल्या. तथापि, प्राण्यांच्या रक्तरसातून मिळणारी प्रतिपिंडे मिश्र स्वरूपाची असल्याने निष्कर्षांत एकवाक्यता नसे. गेऑर्ग कोलर व सीझर मिल्‌स्टाइन यांनी १९७५ मध्ये एकाच कोशिकेच्या वंशजांपासून सर्वस्वी एकसारखी प्रतिपिंडे अमर्याद प्रमाणात मिळविण्याची रीत शोधून काढली आणि ही अडचण दूर झाली. या शोधाबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल पारितोषिक नील्स येर्ने यांच्यासमवेत मिळाले. निरनिराळ्या प्रयोगशाळांतील प्रतिपिंडांच्या नावांचा गोंधळ टाळण्यासाठी १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेत पृष्ठप्रथिनांना ‘सीडी’ या अक्षरांपुढे क्रमांक देण्याची पद्धत ठरली. उदा., टी कोशिकांवर सीडी ३, साहाय्यक टी कोशिकांवर त्याशिवाय सीडी ४ व मारक टी कोशिकांवर सीडी ८ आढळते.

उपकरण व कार्यपद्धती : रक्ताच्या नमुन्यात चिन्हांकित प्रतिपिंडे मिसळून तो काही काळ अंधारात ठेवतात व तांबड्या कोशिका विशिष्ट विद्रावाने फोडून टाकतात. उरलेल्या कोशिकांचा विद्राव वेगाने वाहणाऱ्या लवणजलाच्या आवरणातून सोडला जातो. त्यामुळे मधली धार इतकी बारीक होते की, कोशिका एकेरी रांगेने लेसर शलाकेपुढून जातात. सेकंदाला हजारो कोशिका अशा तपासता येतात. पुढील दिशेने प्रकीर्णित (विखुरलेल्या) झालेल्या प्रकाशावरून कोशिकेच्या आकारमानाची व बाजूस गेलेल्या प्रकाशावरून तिच्या कणमयतेची कल्पना येते. यांवरून लसीका कोशिका इतर श्वेत कोशिकांपासून वेगळ्या काढता येतात.

नेहमीच्या उपकरणांतील ४८८ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाने फ्ल्युओरेसीन हे रंजकद्रव्य सु. ५२० नॅनोमीटरचा हिरवा, तर तांबड्या शैवलांपासून मिळणारे फायकोएरिथ्रीन सु. ५७८ नॅनोमीटरचा पिवळा-नारिंगी प्रकाश देते. गाळण्यांनी हे रंग अलग करून प्रकाशगुणक नलिकांच्या साहाय्याने मोजतात. सीडी ३ ला एक व सीडी ४ ला दुसरे रंजकद्रव्य योजल्यास दोन्ही रंग देणारी कोशिका ही साहाय्यक टी कोशिका ठरते. येथे दोन रंगांची आवश्यकता असते, कारण एककेंद्रक श्वेत कोशिकांवरही सीडी ४ अल्प प्रमाणात असते. मोजून घेतलेल्या रक्तात ठराविक संख्येचे अनुस्फुरक मणी मिसळल्यास मणी व कोशिका यांच्या गुणोत्तरावरून दर घन मिलिमीटरमधील कोशिकांची संख्या काढता येते.

उपयोग : या पद्धतीचे वैद्यकीय महत्त्व १९८१ मध्ये ठळकपणे दिसून आले. अमेरिकेत पूर्वी निरोगी असलेल्या तरुणांना दुर्मिळ प्रकारचा फुप्फुसशोथ होऊ लागला. त्यांचे रक्त तपासता साहाय्यक टी कोशिका जवळजवळ नाहीशा झाल्याचे आढळले. हाच रोग पुढे एड्स या नावाने ओळखला गेला. त्याचा विषाणू कोशिकेत शिरण्यासाठी सीडी ४ याच रेणूचा उपयोग करतो, हे १९८४ मध्ये सिद्ध झाले. निरोगी प्रौढात या कोशिका दर घन मिलिमीटरमध्ये सु. ५०० ते १,५०० असतात. २०० पेक्षा कमी झाल्यास संधिसाधू संक्रामणांचा धोका फार वाढतो. औषधोपचार केव्हा सुरू करावेत, हे दीर्घकाळ या एका आकड्यावर अवलंबून असे. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्व संक्रामितांवर संख्येची वाट न पाहता उपचार करण्याची शिफारस केली. तरीही रोगाची प्रगत अवस्था ओळखण्यासाठी ही गणना उपयुक्त आहे. रक्ताच्या कर्करोगाचा प्रकार ठरविणे व अस्थिमज्जारोपणासाठी सीडी ३४ असलेल्या मूल कोशिका मोजणे यांसाठीही ही पद्धत वापरतात.

मर्यादा व दक्षता : उपकरण ग्राही पाहत नाही, ते रंजकद्रव्याचा प्रकाश मोजते, ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मृत कोशिका कोणतेही प्रतिपिंड धरून ठेवतात. काही श्वेत कोशिकांवर प्रतिपिंडाच्या शेपटीकडील भागासाठीच ग्राही असतात व तेथे ते अकारण चिकटते. हिरव्या रंजकद्रव्याचा काही प्रकाश नारिंगी रंगाच्या मापकात शिरतो आणि तो गणिताने वजा न केल्यास कोशिकेवर नसलेला ग्राही असल्याचा भास होतो. उलट, कोशिकेने ग्राही आत ओढून घेतला असल्यास पृष्ठावर त्याची नोंद होत नाही. म्हणून प्रत्येक चाचणीबरोबर प्रतिपिंडरहित व एकरंगी नमुने तुलनेसाठी तपासतात. तसेच ऊतकातील (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहातील) कोशिका सुट्या कराव्या लागत असल्याने त्यांच्या मूळ स्थानाची माहिती या पद्धतीने मिळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शकाचाच आधार घ्यावा लागतो.