मनाचा ताण, रक्तातली साखर

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मधुमेह असलेल्यांवर दुहेरी दडपण आलं. कोविड गंभीर होण्याचा धोका त्यांना अधिक होता आणि फिरणं, तपासण्या, औषधं यांची घडीही विस्कटली. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या बातम्यांनी धास्ती आणखी वाढवली.

या धास्तीचा परिणाम थेट रक्तातल्या साखरेवर होतो. ताण आला की अ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल ही संप्रेरकं वाढतात. यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं आणि इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून पथ्य पाळूनही साखर चढू शकते. अशा वेळी रुग्णाला दोष देणं अन्यायाचं आहे.

मनाची उभारी सवयींतून घडवता येते. जेवणाच्या ठरलेल्या वेळा, घरातल्या घरात चालणं, पुरेशी झोप, डॉक्टरांशी फोनवरून संपर्क या साध्या गोष्टींनी दिवसावरचा ताबा परत मिळतो. ग्लुकोमीटरवरचा आकडा परीक्षेच्या गुणांसारखा पाहू नये; पुढचा निर्णय घेण्यासाठी तो उपयोगी पडतो. घरच्यांनीही ‘साखर किती आली?’च्या आधी ‘झोप लागली का?’ असं विचारावं.

उदासी दोन आठवडे हटली नाही, तर तज्ज्ञांची मदत घ्यावी. ‘टेलि-मानस’ या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर ती मोफत मिळते. मनावरचे उपचार हा मधुमेहाच्या उपचारांचाच भाग आहे.