जुन्या फायली रद्दीत देण्याआधी

मार्च उलटला की कार्यालयांतले माळे उपसले जातात. पगारपत्रके, ग्राहकांच्या आधार-पॅनच्या झेरॉक्स, रद्द केलेले चेक, सगळे पोत्यात भरून रद्दीवाल्याकडे जाते. तो कागद नष्ट करत नाही, पुढे विकतो. आपल्या ग्राहकाचा खातेक्रमांक कुणाच्या तरी शेंगदाण्याच्या पुडीवर येऊ शकतो.

आधी मुदत पाहावी. कंपनी कायद्यानुसार हिशेबवह्या आठ आर्थिक वर्षे ठेवाव्या लागतात. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायच्या असतात. खटला, अपील किंवा चौकशी चालू असेल तर मुदत संपली तरी त्या फायलीला हात लावू नये. काय काढायचे त्याची यादी आपल्या सीएला दाखवून त्यांचा होकार लेखी घ्यावा.

मग कागद निवडावेत. प्लास्टिकची फोल्डरे, जाड क्लिपा, स्पायरल काढून टाकावेत. कोरी समजून बाजूला पडणारी पानेही उलटून पाहावीत. पाठकोऱ्या कागदांवरच पुष्कळदा पगाराचे आकडे सापडतात.

कागद थोडे असतील तर श्रेडर, म्हणजे कागद कातरणारे यंत्र, पुरते. मात्र ते घेताना फक्त किंमत पाहू नये. स्वस्त यंत्र पानाच्या लांब पट्ट्या काढते आणि पट्ट्या जुळवता येतात. १९७९मध्ये तेहरानमधल्या अमेरिकी दूतावासात कातरलेली कागदपत्रे इराण्यांनी चिकाटीने पुन्हा जोडली आणि छापूनही काढली. म्हणून आडवा-उभा छेद देणारे क्रॉस-कट यंत्र घ्यावे. खोक्यावर ‘पी-४’ ही श्रेणी असेल तर एक तुकडा १६० चौरस मिलिमीटरपेक्षा मोठा नसतो, म्हणजे ए-४ पानाचे जवळपास चारशे तुकडे. सर्वसाधारण व्यवसायाला एवढे पुरे.

जाळण्याचा मोह टाळावा. गठ्ठ्याच्या कडा काळ्या पडतात, आतली पाने वाचता येतील अशी राहतात. शिवाय धूर होतो आणि पालिकेचा दंडही बसू शकतो.

पोती भरभरून कागद असतील तर कागद नष्ट करणारी संस्था बोलवावी. दारातच गाडीत कातरून देणारी मिळाली तर उत्तम. माल घेऊन जाणार असेल तर खोकी आपल्यासमोर सीलबंद करून, मोजून, सही घेऊन द्यावीत आणि काम झाल्यावर प्रमाणपत्र मागावे. खरा घोटाळा यंत्रात होत नाही, त्याआधी होतो. ‘गाडी सोमवारी येईल’ म्हणून पोती चार दिवस जिन्याखाली पडून राहतात आणि येणारा-जाणारा त्यांत हात घालू शकतो. गाडी दारात येईपर्यंत कागद कुलपातच असू द्यावेत.

संगणकाचे वेगळे आहे. फाइल ‘डिलीट’ केली की तिचा पत्ता पुसला जातो, मजकूर डिस्कवर राहतो. जुन्या हार्ड डिस्कवर पूर्ण नवा मजकूर लिहिणारे सॉफ्टवेअर चालते. एसएसडीवर, म्हणजे चिपांत मजकूर साठवणाऱ्या डिस्कवर, त्याचा भरवसा नाही. तिथे उत्पादकाने दिलेली पुसण्याची सोय वापरावी किंवा आतल्या चिपा फोडाव्यात. चुंबकाने एसएसडी पुसली जात नाही. भाड्याचे झेरॉक्स यंत्र परत करतानाही विचारावे, कारण अनेक यंत्रांत डिस्क असते आणि त्यात आपल्या पानांच्या प्रती साठलेल्या असू शकतात.

शेवटी एका वहीत तारीख, फायलींची नावे, पद्धत आणि काम पाहणाऱ्या दोघांच्या सह्या नोंदवाव्यात. ही वही मात्र कधीही रद्दीत काढू नये.