ईश्वरवाणी, ख्रिस्ती धर्मातील

ईश्वर मानवाशी बोलतो आणि मानवाने ते ऐकून तदनुसार वागावे, ही ख्रिस्ती धर्मातील एक मूलभूत श्रद्धा आहे. हा विचार ख्रिस्ती धर्माला यहुदी धर्माकडून मिळाला. ईश्वरदर्शनापेक्षा ईश्वरवाणीच्या श्रवणाला त्यात अधिक महत्त्व आहे. ‘शामा’ या हिब्रू धातूचा अर्थ ऐकणे असा आहे. आज्ञा पाळण्यासाठी त्या भाषेत बहुधा हाच धातू योजला जातो. मराठीत ‘मूल ऐकत नाही’ असे म्हणताना मुलाच्या श्रवणशक्तीविषयी कोणी बोलत नसतो. हिब्रूतील प्रयोग जवळजवळ तसाच आहे. यहुदी धर्मातील ‘शेमा’ ही प्रमुख नित्य प्रार्थना याच धातूच्या आज्ञार्थी रूपाने सुरू होते. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतही आज्ञापालनवाचक शब्द श्रवणवाचक शब्दापासूनच साधलेला आहे. त्यामुळे वाणी कानी पडूनही तिच्याप्रमाणे न वागणे म्हणजे ती न ऐकणेच होय, असे बायबलमधील अनेक लेखक गृहीत धरतात.

जुन्या करारात ही वाणी कुलपती, मोशे, संदेष्टे व क्वचित स्वप्ने यांच्या द्वारा प्रकट होते. ती ओळखणे मात्र सोपे नसते. बालक शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते, तेव्हा वृद्ध याजक एली आपल्याला बोलावीत आहे असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावत जातो; हाक कोणाची हे प्रथम एलीच्या ध्यानात येते. आणि त्या रात्री शमुवेलाला जो संदेश मिळतो, तो एलीच्याच घराण्याच्या नाशाचा असतो. एलीया या संदेष्ट्याला होरेब पर्वतावर ईश्वर वादळात, भूकंपात किंवा अग्नीत भेटत नाही. त्यानंतरच्या अगदी मंद, जवळजवळ निःशब्द अशा ध्वनीत भेटतो. या दोन कथा पुढील ख्रिस्ती अध्यात्मात वारंवार आधारासाठी घेतल्या गेल्या.

वाणीच्या अव्हेराचे सर्वांत विस्तृत चित्रण शौल राजाच्या कथेत आढळते. अमालेकी लोकांचा त्यांच्या पशुधनासह समूळ उच्छेद करण्याची आज्ञा त्याला शमुवेलाकडून मिळते. शौल युद्ध जिंकतो. परंतु अगाग राजाला आणि उत्तम गुरामेंढरांना जिवंत ठेवतो व ती यज्ञासाठी राखली, असे समर्थन करतो. यज्ञापेक्षा आज्ञापालन श्रेष्ठ असल्याचे सांगून शमुवेल त्याचे राजपद ईश्वराने काढून घेतल्याचे जाहीर करतो. शौलाचा अपराध उघड बंडाचा नाही. आज्ञेचा सोयीस्कर भाग पाळून उरलेल्याला धार्मिकतेचे वेष्टन घालणे, असा तो आहे. पुढे तो स्वप्ने, कौल व संदेष्टे या तिन्ही मार्गांनी ईश्वराला प्रश्न विचारतो, पण उत्तर येत नाही. अखेरीस ज्या भुताखेतांच्या विद्येला त्याने स्वतःच देशातून हद्दपार केले होते, तिच्याच आश्रयाला तो एन-दोर येथे वेषांतर करून जातो आणि दुसऱ्या दिवशी गिलबोवाच्या डोंगरावर त्याचा अंत होतो. न ऐकण्याची शिक्षा म्हणजे पुढे काहीही ऐकू न येणे, हे सूत्र येथे स्पष्ट दिसते. तथापि जी आज्ञा मोडल्याबद्दल शौल दोषी ठरतो, ती स्त्रिया व मुले यांच्यासह एका जमातीच्या संहाराची आहे, ही नैतिक अडचण दृष्टीआड करता येत नाही. प्राचीन भाष्यकारांपैकी काहींनी तिचा रूपकात्मक अर्थ लावला. आधुनिक अभ्यासक तत्कालीन युद्धकल्पनांचा संदर्भ देतात. यांपैकी कोणत्याही एका उत्तराने सर्वांचे समाधान झालेले नाही.

यिर्मयाच्या ग्रंथातील यहोयाकीम राजाचा प्रसंग याहून वेगळा आहे. यिर्मयाने सांगितलेली वचने त्याचा लेखनिक बारूख याने गुंडाळीवर लिहून काढली. इ. स. पू. ६०४ च्या सुमारास हिवाळ्यात ती राजासमोर वाचली जात असता दरबारातील तिघांनी विनवूनही राजाने वाचून झालेला तीनचार स्तंभांचा भाग चाकूने कापून पुढ्यातील शेगडीत टाकण्याचा क्रम चालविला व सगळी गुंडाळी जाळली. त्याचा पिता योशीया याने नियमशास्त्राचा ग्रंथ वाचला जाताना शोकाने वस्त्रे फाडली होती. पुत्राने मात्र वस्त्रांऐवजी ग्रंथच फाडला. कथनकाराने हा विरोध हेतुपूर्वक साधला असावा. यिर्मयाने तीच वचने पुन्हा सांगितली आणि त्यांत आणखी भर घातली. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनी सैन्याने जेरूसलेम उद्ध्वस्त केले.

या आपत्तीचा अर्थ लावण्याच्या प्रयत्नातून जुन्या कराराच्या बऱ्याच भागाला आजचे रूप आले. अनुवाद या ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात आज्ञापालनाचे आशीर्वाद पहिल्या १४ ओव्यांत संपतात, तर अवज्ञेचे शाप उरलेल्या ५४ ओव्या व्यापतात. दुष्काळ, रोगराई, पराभव व देशोधडी हे त्या शापांचे विषय. आमोस या इ. स. पू. आठव्या शतकातील संदेष्ट्याने यापलीकडचा एक दुष्काळ कल्पिला आहे : अन्नपाण्याचा नव्हे, तर ईश्वरी वचनाचाच. लोक ते शोधीत समुद्रापासून समुद्रापर्यंत भटकतील आणि ते त्यांना सापडणार नाही. योनाचा ग्रंथ उलट बाजू दाखवितो. परकीय व क्रूर म्हणून कुप्रसिद्ध असलेले नीनवे शहर संदेश ऐकून पश्चात्ताप करते आणि घोषित शिक्षा टळते. संदेष्ट्यांचे इशारे म्हणजे अटळ भविष्यकथन नव्हे, हे या ग्रंथावरून लक्षात येते.

मन कठीण होणे ही अव्हेराची आंतरिक बाजू होय. निर्गम या ग्रंथात मिसरच्या फारोचे मन पहिल्या पाच पीडांनंतर आपण होऊन कठीण होत जाते, अशी भाषा आहे. ईश्वराने ते कठीण केले असे, पूर्वी सांगितलेल्या भाकितानुसार, सहाव्या पीडेच्या वेळी प्रथम म्हटले आहे. यावरून पुष्कळ भाष्यकारांनी असा निष्कर्ष काढला, की पुनःपुन्हा केलेली निवड कालांतराने स्वभाव बनते व ईश्वर तिच्यावर शिक्कामोर्तब करतो. पौलाने रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात हाच विचार वेगळ्या शब्दांत मांडला आहे. त्याच्या मते ईश्वराचा कोप म्हणजे आकाशातून पडणारी वीज नव्हे. ज्यांनी सत्य नाकारले त्यांना ईश्वर त्यांच्याच वासनांच्या स्वाधीन करतो. इब्री लोकांस पत्राचा कर्ता रानात कुरकुर करणाऱ्या पिढीचे उदाहरण एका स्तोत्राच्या आधारे घेऊन ‘आज’ या शब्दावर भर देतो : ऐकण्याची संधी नेहमी वर्तमानकाळातच असते. याच पत्रातील सहाव्या अध्यायात, एकदा प्रकाश लाभूनही मागे फिरलेल्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे वळविणे अशक्य असल्याचे कठोर विधान आहे. छळाच्या काळात श्रद्धा सोडून नंतर परत येऊ इच्छिणाऱ्यांच्या प्रश्नावर तिसऱ्या शतकात जो वाद झाला, त्यात कठोर पक्षाने या विधानाचा आधार घेतला. मुख्य ख्रिस्तमंडळीने मात्र प्रायश्चित्तानंतर त्यांना सामावून घेतले.

नव्या करारात येशू हा स्वतःच ईश्वराचा ‘शब्द’ आहे, अशी योहानकृत शुभवर्तमानाची भूमिका आहे. त्यामुळे वाणी ऐकणे म्हणजे एका व्यक्तीच्या मागे जाणे, असा अर्थविस्तार झाला. येशूच्या दृष्टांतांत ऐकून आचरण करणारा खडकावर घर बांधतो, नुसता ऐकणारा वाळूवर. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात एकच बी चार प्रकारच्या जमिनीत चार परिणाम दाखविते. आपत्ती म्हणजे पापाचे फळ, हे सरळ समीकरण मात्र येशूने स्वीकारलेले नाही. शिलोआम येथील बुरूज कोसळून १८ जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असा प्रश्न उपस्थित करून तो त्याचे नकारार्थी उत्तर देतो. पण पश्चात्तापाची गरज सर्वांनाच आहे, असेही बजावतो. जन्मांध माणसाच्या कथेतही त्याचे अंधत्व कोणाच्या पापामुळे, हा शिष्यांचा प्रश्न तो बाजूला सारतो. जुन्या करारातील ईयोबाच्या ग्रंथाने हीच शंका पूर्वी उपस्थित केली होती. आजारी वा दुःखी माणसाला ‘तू ईश्वराचे ऐकले नाहीस’ असे सुनावणाऱ्या प्रवचनकारांना बायबलचा आधार वाटतो तेवढा भक्कम नाही.

या समीकरणाचे सर्वांत घातक उपयोजन यहुदी लोकांच्या बाबतीत झाले. इ. स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटस याने जेरूसलेमचे मंदिर नष्ट केले. यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारल्याची ही शिक्षा होय, असे प्रतिपादन आरंभीच्या अनेक ख्रिस्ती लेखकांनी केले आणि मध्ययुगीन यूरोपातील यहुद्यांच्या छळाला त्यातून समर्थन मिळाले. वस्तुतः पौलाने रोमकरांस पत्रात ईश्वराने आपल्या लोकांना टाकून दिलेले नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या घोषणापत्रात यहुदी हे ईश्वराने नाकारलेले वा शापित असल्याचे दाखवू नये, असे स्पष्ट केले. हे स्पष्टीकरण यूरोपातील यहुद्यांच्या संहारानंतर वीस वर्षांनी आले.

मानव ईश्वराची हाक खरोखर नाकारू शकतो काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील दीर्घ वादाचा विषय आहे. मिलान येथील बागेत ३८६ मध्ये एका बालकाचा आवाज ऐकून ग्रंथ उघडणाऱ्या संत ऑगस्टीनला (३५४–४३०) ऐकण्याची इच्छा हीसुद्धा ईश्वरी कृपेचीच देणगी वाटली. पेलेजिअसने मानवी संकल्पाच्या सामर्थ्यावर भर दिला व त्याचे मत पाखंडी ठरले. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेचा आरंभ ईश्वराकडून होतो, पण मानव ती नाकारू शकतो, असा निर्णय दिला. उलट डॉर्ट येथील सभेने (१६१८–१९) कॅल्व्हिनच्या परंपरेनुसार निवडलेल्यांच्या ठायी कृपा अंतिमतः निष्फळ होत नाही, असे ठरवून आर्मिनिअसच्या अनुयायांचे मत फेटाळले. अंतिम परिणामाविषयीही मतभेद आहेत. बहुतेक पंथ शाश्वत नरक मानतात. ऑरिजेनने (सु. १८५–सु. २५४) सर्व जीव शेवटी ईश्वराकडे परततील अशी आशा व्यक्त केली होती, सहाव्या शतकात तिचा निषेध झाला, तरी ती पूर्णपणे लोपली नाही. रोमन कॅथलिक पंथाच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात नरक म्हणजे ईश्वराच्या सहवासातून स्वतःला कायमचे वगळून घेणे, अशी व्याख्या आहे. बाहेरून लादलेल्या यातनेपेक्षा स्वतःच्या निवडीवर येथे भर आहे.

व्यवहारात अधिक बिकट प्रश्न वाणी खरी कोणती हा असतो. जोन ऑफ आर्क हिला आपण ऐकलेल्या वाणींशी एकनिष्ठ राहिल्याबद्दल १४३१ मध्ये रूआन येथे जाळण्यात आले. १४५६ मध्ये तो निकाल रद्द झाला व १९२० मध्ये ती संत ठरली. उलट म्यून्स्टर शहरात १५३४-३५ मध्ये ईश्वरी साक्षात्काराचा दावा करणाऱ्या नेत्यांनी सक्तीचा बाप्तिस्मा, बहुपत्नीकत्व व देहदंड यांचे राज्य चालविले. अशा अनुभवांमुळे कसोट्या शोधल्या गेल्या. इग्नेशिअस लॉयोला याने मनातील प्रेरणांची परीक्षा करण्याचे नियम घालून दिले. जी प्रेरणा टिकाऊ शांती देते व सद्‌गुण वाढविते ती ग्राह्य, जी अस्वस्थता मागे ठेवते ती संशयास्पद. क्रूसभक्त योहान (१५४२–९१) हा स्वतः गूढानुभवी असूनही असे आवाज ऐकण्याची हाव धरू नये, असे सांगतो. ख्रिस्ताच्या रूपाने ईश्वराला जे सांगायचे होते ते सांगून झाले आहे, हे त्याचे कारण.

टॉमस अक्वायनसने (१२२५–७४) चुकलेली सदसद्‌विवेकबुद्धीही बंधनकारक असते, असे मत मांडले होते. क्वेकर पंथाने अंतःप्रकाशाची कल्पना त्यापुढे नेली. जॉन वुलमन (१७२०–७२) या क्वेकराने गुलामगिरीविरुद्ध अंतर्वाणीचा शांत पण चिवट पाठपुरावा केला आणि त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १७७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास बंदी केली. विसाव्या शतकात जर्मनीतील काही ख्रिस्ती लोकांना हिटलरच्या उदयात ईश्वराचा आवाज ऐकू येऊ लागला, तेव्हा मे १९३४ मध्ये बार्मेन येथील घोषणापत्राने ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणत्याही घटनेला वा सत्तेला ईश्वरवाणी मानण्यास नकार दिला. त्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्ट (१८८६–१९६८) याचा होता. त्या घोषणापत्रात यहुद्यांच्या छळाचा उल्लेख नव्हता, ही उणीव बार्टने पुढे स्वतःच मान्य केली.

मराठीत बायबलमधील हे कथाभाग प्रथम विस्ताराने आले ते फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात (१६१६). पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील अँग्लिकन हितचिंतकांशी केलेला पत्रव्यवहार या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भारतातील पुरोहितशाहीचे जोखड नुकतेच झुगारल्यावर दुसऱ्या धर्माधिकाऱ्यांचे जोखड ईश्वराज्ञा म्हणून मानेवर घेण्यास त्यांनी नकार दिला व आपली विवेकबुद्धी आपल्यापाशी आहे, असे ठामपणे कळविले. त्यांच्या या भूमिकेला वरिष्ठांनी हट्ट व अहंकार म्हटले. पुढे रमाबाईंनी मूळ भाषांचा अभ्यास करून सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये केडगाव येथील मुक्तिसदनातून प्रसिद्ध झाले.